नर्सेस कमीही आहेत आणि नर्सेस घरीही बसल्यात

प्रश्न थोडक्यात असा होता की जगात डॉक्टर-नर्सेसची एवढी टंचाई आहे तर कॉलेजं का नाही वाढवत, बाहेर जाणाऱ्यांना अडवत का नाहीत, आणि पास झालेल्यांना सरळ सक्तीने खेड्यापाड्यात का नाही पाठवत. हे तिन्ही उपाय मी मीटिंगांमधून इतक्या वेळा ऐकलेत की आता कोण बोलायला लागलं की पुढचं वाक्य मला आधीच कळतं, आणि खोटं कशाला बोलू, पहिला उपाय एके काळी मीच जोरात मांडायचे. आधी सात वर्षं एका लांबच्या आरोग्य केंद्रात डॉक्टर होते, नंतरची एकोणीस वर्षं हेल्थ वर्कफोर्स प्लॅनिंगमध्ये गेली, म्हणजे कुठे किती माणसं लागतात, किती आहेत, आणि असलेली का पळतात हे मोजण्यात. उत्तर लांब होणार, आधीच सांगते.

आकडे आधी उरकते कारण गोंधळ तिथूनच सुरू होतो. २००६ साली डब्ल्यूएचओने (जागतिक आरोग्य संघटना) ५७ देशांत मिळून २४ लाख डॉक्टर, नर्सेस आणि सुईणी कमी आहेत असं काढलं, त्याला कसोटी लावली दर हजार लोकांमागे २.२८ माणसांची. शंभरातली ऐंशी बाळंतपणं शिकलेल्या माणसाच्या हातून व्हायची तर साधारण एवढी माणसं लागतात असं देशोदेशीच्या आकड्यांवरून दिसत होतं, म्हणून २.२८. मग २०१६ मध्ये मधुमेह, टीबी, लसीकरण असं बरंच काही धरून कसोटी हजारी ४.४५ वर नेली आणि २०३० ची तूट, सगळ्या प्रकारचे आरोग्य कर्मचारी धरून, १ कोटी ८० लाख निघाली. पुढे माणसं वाढली, हिशोबही सुधारला, आता साधारण १ कोटी १० लाख म्हणतात. म्हणजे तूट किती हे पट्टी कुठे धरता त्यावर बरंच अवलंबून असतं, त्यामुळे कोणी नुसता आकडा फेकला की मी आधी विचारते, कुठल्या पट्टीने?

वाटणीचे आकडे मात्र पट्टी कुठेही धरा, हलत नाहीत. त्याच २००६ च्या अहवालात आहे, जगातल्या आजारपणाचा २४ टक्के भार आफ्रिका विभागावर आणि आरोग्य कर्मचारी ३ टक्के, उलट उत्तर-दक्षिण अमेरिका मिळून भार १० टक्के आणि कर्मचारी ३७ टक्के. डब्ल्यूएचओचा नर्सिंगवरचा २०२५ चा अहवाल बघा, २०२३ मध्ये जगात २ कोटी ९८ लाख नर्सेस, त्यातल्या ७८ टक्के अशा देशांत जिथे जगाची ४९ टक्के लोकसंख्या राहते. ऑपरेशनांचं तर विचारूच नका, जगातल्या सगळ्यात गरीब एक तृतीयांश लोकांच्या वाट्याला एकूण ऑपरेशनांतली जेमतेम ६ टक्के येतात असं २०१५ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या सर्जरी कमिशनने मांडलं होतं. आणि हे झालं देशादेशांतलं, देशाच्या आत राजधानी आणि सीमेवरचा जिल्हा यांच्यात हीच दरी परत असते, ती राष्ट्रीय सरासरीत गुडुप होऊन जाते. वेल्समधल्या खाणकामगारांच्या वस्तीत प्रॅक्टिस करणाऱ्या ज्युलियन ट्यूडर हार्ट या डॉक्टरने १९७१ सालीच लिहून ठेवलंय की जिथे गरज जास्त तिथे चांगली सेवा कमी, आणि बाजाराच्या हातात दिलं की हे आणखी वाढतं. पन्नास वर्षं झाली, आम्ही अजून तेच नवीन ग्राफ काढून दाखवतो.

आता मुद्द्यावर येते. लोकांना वाटतं टंचाई म्हणजे शिकलेली माणसंच नाहीत. बऱ्याच देशांत ते खरं आहे. पण जिथे टंचाई मोठी तिथेच शिकलेल्या नर्सेस बेकारही असतात, हे ऐकून पहिल्यांदा मलाही कोणीतरी चेष्टा करतंय असंच वाटलं होतं. घानात नर्सिंग पूर्ण केलेली पोरं सरकारी पोस्टिंगची वाट बघत वर्ष-दोन वर्षं घरी बसतात. केनियाने २०२१ मध्ये ब्रिटनशी करार केला तो कशासाठी, तर आपल्याकडच्या बेकार नर्सेसना तिकडे काम मिळावं म्हणून. केनियाच्या आरोग्य केंद्रांत तेव्हा नर्सेस जास्त झाल्या होत्या का? अजिबात नाही.

हे कसं होतं ते सांगते. गरज वेगळी आणि पद वेगळं. पेशंटला नर्स लागते ही गरज, पण नर्स कामावर येते तेव्हा जेव्हा कोणीतरी पद मंजूर करून दर महिन्याला त्याचा पगार काढतं. गरीब देशात आजारी माणसं भरपूर आणि पगाराला पैसे नाहीत. त्यात ऐंशी-नव्वदच्या दशकांत आणि पुढेही बऱ्याच देशांना कर्ज मिळताना सरकारी पगारखर्चावर मर्यादा आली, भरती गोठली. अशी कर्जं देणाऱ्या आयएमएफने (आंतरराष्ट्रीय नाणेनिधी) २००७ मध्ये ठरवलं की ही अट यापुढे फारशी वापरायची नाही, पण तोवर कित्येक वर्षांच्या बॅचेस बाहेर पडून पांगल्या होत्या. अशा ठिकाणी तुम्ही नवीन कॉलेज काढलं की काय होतं? परदेशी जाणाऱ्यांची रांग वाढते, बस. म्हणून कुठल्या मंत्र्याने नवीन कॉलेजची घोषणा केली की माझा प्रश्न एकच असतो, पाच वर्षांनी पास होणाऱ्यांसाठी पदं कुठल्या बजेटमध्ये धरलीयेत. सहसा शांतता पसरते.

पदं किती लागतात हेही लोक फार कमी धरतात. हा हिशोब मी ट्रेनिंगमध्ये फळ्यावर करून घेते. एका वॉर्डात चोवीस तास, सातही दिवस, फक्त एक नर्स हजर पाहिजे, किती जणी नेमाल? दहातले आठ जण म्हणतात तीन, तीन शिफ्ट म्हणून. वर्षाचे तास ८७६०. एका माणसाचे साप्ताहिक सुट्ट्या, रजा, आजारपण, ट्रेनिंग वजा जाता कामाचे दिवस राहतात साधारण २२०, रोजचे आठ तास धरले तर १७६० तास. भागाकार करा, पाचला किंचित कमी. एक खुर्ची अखंड भरलेली ठेवायला पाच माणसं लागतात! तीन नेमली तर उरलेल्या दोघींचं काम त्या तिघींच्या झोपेतून आणि रजेतून वसूल होतं, मग एक आजारी पडते, एक सोडून जाते, आणि वरून विचारणा येते की स्टाफ टिकत का नाही. डब्ल्यूएचओची वर्कलोडवरून माणसं काढायची एक पद्धत आहे, विस्न म्हणतो आम्ही, तिचा गाभा हाच आहे, आधी कामाचे तास मोजा मग डोकी. लोकसंख्येवर डोकी मोजण्यापेक्षा लाख पटीने बरी, फक्त रजिस्टरं नीट भरलेली पाहिजेत, आणि रजिस्टर भरणारी तीच बिचारी नर्स.

माझ्या केंद्राचं चित्र सांगते. नर्सेसची मंजूर पदं चार. पगारपत्रकावर तीन नावं, कारण एक पद चार वर्षं रिकामंच होतं. मस्टरवर सह्या दोघींच्या, कारण तिसरी डेप्युटेशनवर शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात, पगार मात्र आमच्या नावावर. उरलेल्या दोघी आलटून पालटून, म्हणजे रात्री एकटीच. आणि वर रिपोर्ट जायचा की भरलेली पदं ७५ टक्के. चुकीचं काहीच नाही हां त्यात, चारातली तीन म्हणजे ७५ टक्केच.

एका रात्री टेबलावर बाई, बाळाचं डोकं दिसायला लागलेलं, आणि त्याच वेळी दारात झटके येणारं पोर घेऊन त्याची आजी. मी क्वार्टरवरून पोचेपर्यंत दहा मिनिटं गेली. तेवढ्यात सिस्टरने पोराला कुशीवर वळवलं, आजीला तसंच धरून बसवलं, तोंडात काही घालायचं नाही म्हणून दम भरला, आणि परत टेबलाशी जाऊन बाळंतपण केलं. दोन्ही पोरं वाचली. अशा बाईला कुठल्याही देशाने पळवावी इतकी ती चांगली होती. चौदाव्या महिन्यात तिने बदली मागितली, अर्जात लिहिलं घरगुती कारण. खरं कारण तिने सामान बांधताना सांगितलं, क्वार्टरच्या दाराला आतून कडी नव्हती, तीनदा अर्ज केला होता, आणि रात्री कोणीतरी दार ढकलून बघायचं. पगाराचा तर विषयही निघाला नाही. मी सात वर्षं तिथे डॉक्टर होते, मला त्या कडीचं माहीत नव्हतं, हे अजून टोचतं.

म्हणून ‘गावात का जात नाहीत’ या प्रश्नाला नुसतं ‘पैशासाठी’ असं उत्तर मिळालं की मी चिडते. पैसा लागतोच, पण एक्झिट इंटरव्ह्यू, म्हणजे सोडून जाणाऱ्यांच्या मुलाखती, नीट घेतल्या की जे निघतं ते असं: राहायला धड जागा नाही, नवऱ्याला किंवा बायकोला तिथे काम नाही, मुलांना शाळा नाही, अडलं तर विचारायला सिनियर नाही, औषधं आणि ग्लोव्हज संपलेले, आणि एकदा आत गेलं की बाहेर काढायला कोणी नाही. सगळ्यात शेवटचं सगळ्यात जास्त घाबरवतं. जगातल्या आरोग्य कर्मचाऱ्यांत जवळपास ७० टक्के बायका आहेत आणि वरच्या खुर्च्यांवर २५ टक्के, असं डब्ल्यूएचओने २०१९ मध्ये सांगितलं होतं, तेव्हा कडीसारखी गोष्ट बजेटच्या फाईलपर्यंत का पोचत नाही याचं फार आश्चर्य वाटायला नको.

सक्तीचं म्हणाल तर सक्ती थोडीफार चालते. थायलंडने सत्तरच्या दशकापासून डॉक्टरांना तीन वर्षं सरकारी सेवा लावली, सोडलं तर ४ लाख बाहत दंड. दक्षिण आफ्रिकेत १९९८ पासून डॉक्टरांना एक वर्ष कम्युनिटी सर्व्हिस. जागा भरतात, नाही असं नाही. पण बॉण्डवाला, म्हणजे अशा सक्तीच्या सेवेतला, डॉक्टर पहिल्या दिवसापासून दिवस मोजत असतो, बॉण्ड संपला की नवीन पोरगा येतो, पेशंट परत नवीन माणसाला तीच हकीकत पहिल्यापासून सांगतो. आणि दंडाची रक्कम वर्षानुवर्षं तीच ठेवली की चांगल्या घरचे पैसे भरून मोकळे. थायलंडनेही नुसत्या सक्तीवर भागवलं नाही, ग्रामीण भागातली मुलं निवडून त्यांना त्यांच्याच प्रांताजवळ शिकवायचा कार्यक्रम १९९४ पासून चालवला, दुर्गम जागांना भत्ते दिले.

टिकाऊ उपाय कुठला असं विचारलं तर माझं उत्तर ठरलेलं आहे, कुठल्या मुलाला निवडता आणि कुठे शिकवता. नॉर्वेच्या उत्तरेकडे, आर्क्टिक सर्कलच्याही वर, ट्रोम्सो इथे १९६८ मध्ये विद्यापीठ मंजूर झालं आणि तिथे मेडिकल स्कूल सुरू केलं, कारण उत्तरेत डॉक्टर टिकतच नव्हते. नंतर १९९३ मध्ये छापून आलेल्या पाहणीत निघालं की तिथून शिकलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त उत्तरेतच राहिले, आणि जे मुळात उत्तरेत वाढलेले होते त्यांच्यातले तर ८२ टक्के. जपानचं जिची मेडिकल युनिव्हर्सिटी १९७२ चं, प्रत्येक प्रांतातून मुलं घ्यायची, फी प्रांताने भरायची, बदल्यात साधारण नऊ वर्षं आपल्या प्रांतात काम, आणि करार संपल्यावरही ही मंडळी इतरांपेक्षा जास्त प्रमाणात ग्रामीण भागात राहतात असं दिसलंय. कॅनडाने २००५ मध्ये नॉर्दर्न ओंटारियोत हाच धडा गिरवला. गंमत बघा, हे तिन्ही श्रीमंत देश आहेत, पैसा टाकून प्रश्न सुटला असता तर यांना ही यातायात करावीच लागली नसती.

दुसरा उपाय डॉक्टरांना आवडत नाही, मी डॉक्टर आहे तरी सांगते. प्रत्येक कामाला डॉक्टर लागत नाही. मोझांबिकने १९८४ पासून ‘टेक्निको दे सिरुर्जिया’ तयार केले, म्हणजे डॉक्टर नसलेले पण सिझेरियनसारखी ऑपरेशनं करायला शिकवलेले लोक. जिल्हा हॉस्पिटलांतल्या मोठ्या प्रसूतीसंबंधी ऑपरेशनांपैकी ९२ टक्के यांच्याच हातून होतात असं २००७ मध्ये प्रसिद्ध झालं. आणि माझ्या दृष्टीने त्याहून बोलका आकडा टिकण्याचा, सात वर्षांनी यातले ८८ टक्के जिल्हा हॉस्पिटलातच होते, त्याच हॉस्पिटलांत नेमलेल्या डॉक्टरांपैकी एकही नाही. एकही! इथिओपियाने २००३ पासून तीस हजारांवर हेल्थ एक्स्टेन्शन वर्कर नेमल्या, वर्षभराचं ट्रेनिंग, बहुतेक त्याच भागातल्या मुली, प्रत्येक हेल्थ पोस्टवर, म्हणजे गावातल्या छोट्या आरोग्य केंद्रावर, दोघी, आणि पगारी. पगारी हा शब्द मुद्दाम लिहिला, कारण बऱ्याच ठिकाणी अशा बायकांना स्वयंसेविका म्हणून वर्षानुवर्षं फुकटात राबवतात आणि वर सत्कार करतात. हा रस्ता स्वस्तातला नाही, सुपरव्हिजन लागतं, औषधं लागतात, अडलेला पेशंट पुढे पाठवायला गाडी लागते. ते नसेल तर फक्त आपली जबाबदारी एका कमी पगाराच्या बाईच्या गळ्यात टाकली एवढंच होतं.

बाहेर जाणाऱ्यांबद्दल. २०१० मध्ये वर्ल्ड हेल्थ असेंब्लीने, म्हणजे डब्ल्यूएचओच्या सदस्य देशांच्या सभेने, परदेशी भरतीची आचारसंहिता मंजूर केली, ऐच्छिक आहे ती. ज्या देशांत टंचाई गंभीर आहे त्यांची एक यादी असते, २०२० मध्ये ४७ देश होते, २०२३ मध्ये ५५ झाले, तिथे जाऊन मुद्दाम भरती करू नये अशी अपेक्षा असते. पण एखाद्या नर्सने स्वतःहून अर्ज केला तर कोणी अडवत नाही, आणि अडवूही नये असं माझं मत आहे. फिलिपिन्सने एप्रिल २०२० मध्ये कोविडपायी नर्सेसना बाहेर जायला बंदी घातली, वर्ष संपायच्या आत ती उठवून वर्षाला ५ हजारांची मर्यादा आणली, मग मर्यादाही वाढवत नेली. देशाने जिला धड पगार दिला नाही तिला विमानतळावर अडवायचं, हे मला पटत नाही.

उलट मी बोट दाखवते ते घेणाऱ्यांकडे. ब्रिटनमधल्या तीन डॉक्टरांमागे एकाहून जास्त बाहेर शिकलेला. ऑस्ट्रेलियात बाहेरून आलेल्या डॉक्टरला दहा वर्षांपर्यंत टंचाईच्या भागातच काम करावं लागतं, नाहीतर त्याच्या पेशंटला मेडिकेअरचे, म्हणजे सरकारी आरोग्य विम्याचे, पैसे मिळत नाहीत. अमेरिकेत जे-वन व्हिसावर, म्हणजे ट्रेनिंगसाठी, आलेल्या डॉक्टरला मायदेशी परतायच्या अटीतून सुटका हवी असेल तर तीन वर्षं डॉक्टर कमी असलेल्या भागात काढायची, दर राज्याला वर्षाला अशा तीस जागा. म्हणजे आपली पोरं जिथे जात नाहीत तिथे दुसऱ्याने शिकवलेली पोरं बसवायची. मग साखळी लागते, खेड्यातली नर्स शहरात, शहरातली आखातात, आखातातली ब्रिटनला, तिथून कोणी ऑस्ट्रेलियाला, आणि सगळ्यात मागच्या टोकाला जी खुर्ची रिकामी होते तिथे यायला मागे कोणीच उरलेलं नसतं.

पगाराने फरक पडतो का तर पडतो, फक्त एकट्याने नाही. मलावीने २००४ मध्ये मदतीच्या पैशांतून महत्त्वाच्या ११ केडरना, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या ११ प्रकारांना, पगारावर ५२ टक्के वाढ दिली, जोडीला ट्रेनिंगच्या जागा वाढवल्या, आणि २००९ पर्यंत त्या केडरमधली माणसं ५,४५३ वरून ८,३६९ झाली. पण पैसा बाहेरचा होता, मदतीच्या पैशाला मुदत असते आणि पगार माणूस निवृत्त होईपर्यंत द्यावा लागतो, इथे असे बरेच कार्यक्रम मार खातात.

साथीच्या रोगांचं दोन ओळींत सांगते कारण लोक विसरतात. इबोलाच्या साथीत लायबेरियाने आपले साधारण ८ टक्के डॉक्टर-नर्सेस-सुईणी गमावले, सिएरा लिओनने ७ टक्के, आणि तिथे आधीच माणसं बोटावर मोजण्याइतकी होती. कोविडमध्ये मे २०२१ पर्यंत जगात ८० हजार ते १ लाख ८० हजार आरोग्य कर्मचारी गेले असावेत असा डब्ल्यूएचओचा अंदाज आहे. हे लोक कुठल्या कॉलेजच्या पुढच्या बॅचने भरून निघत नाहीत, वीस वर्षांचा हात असलेली सुईण जाते तेव्हा तिच्याकडून शिकणाऱ्या पाच जणींचं शिक्षणही जातं.

राहता राहिलं माझं जुनं केंद्र. प्लॅनिंगमध्ये आल्यावर काही वर्षांनी ते माझ्याच यादीत आलं. आम्ही तीन गोष्टी केल्या, जिथे मस्टर तिथेच पगार असा नियम लावून डेप्युटेशन बंद केलं (त्यासाठी मला जेवढे फोन आले तेवढे बाकी कशासाठी आले नाहीत), नर्सिंग स्कूलमध्ये त्या भागातल्या मुलींसाठी राहण्याच्या सोयीसकट जागा राखल्या, आणि क्वार्टरला दारं बसवली, आतून कडीची. चार पदांची पाच करायचा प्रस्तावही तेव्हाच पाठवला. पहिली मुलगी शिकून परत यायला साडेतीन वर्षं लागली. मागच्या वेळी रोस्टर मागवलं तेव्हा चार सह्या होत्या, त्यातल्या दोघी तिथल्याच. पाचव्या पदाची फाईल अजून अर्थखात्यात आहे.